माहेरचं वांगं आणि कालचं पाणी

कुंडीवाल्या मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी खालच्या मजल्यावरची सुनंदा रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेलं वांग्याचं रोप घेऊन वर आली. पानं पिवळी, मान टाकलेली.

"काकू, चामटोलीला बाबांच्या शेतात वांगीच वांगी. तिथून आणलेलं हे एक रोप मला जगवता येईना. सासूबाई म्हणतात, शेतकऱ्याची लेक ना गं तू?" डोळे भरले होते पोरीचे.

मी मातीत बोट घातलं. नुसता चिखल!

"पाणी किती घालतेस?"

"रोज नळ आला की हंड्यातलं कालचं पाणी यालाच ओतते. फेकायचं कशाला?"

बादली उचलून बघितली, तर खाली भोकच नाही. "अगं, बाबांच्या शेतातलं पाणी जमिनीत मुरतं. इथलं कुठे जाणार?"

स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून चार भोकं पाडली. काळं पाणी गळालं. नखाने खोड जरासं खरवडलं, तर आत हिरवं!

आत्ताच तिच्या सासूबाईंचा फोन आला. "कालचं पाणी मी फरशी पुसायला घेतलं हो. सुनेचं वांगं जगेल ना?"

जगेल की! मीही पहिली तीन रोपं अशीच लाडाने बुडवली होती. तुमच्या बादलीला खाली भोक आहे ना? उठा, बघून या.