उत्तमनं वरून पाहिलेला बांध

सन १९८६. माझं वय बासष्ट आणि उत्तमचं अठ्ठेचाळीस. हवाई दलातून पेन्शन घेऊन तो चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी परतला होता. कुणी काही सांगू लागलं की तो विचारायचा, "सोता देखं का?" समोरचा म्हणाला, "पाहिलं नाही, ऐकलं," की हा उठून घरी. त्यामुळे अर्ध्या गावाचं बोलणं त्याच्यापाशी अर्धंच राहिलं.

एकाहत्तरच्या लढाईत तो ज्या विमानात होता त्यात ना बंदूक, ना बॉम्ब. हा पुढं नाकात पालथा पडून शत्रूच्या मुलखाचे फोटो काढायचा. पारावर मी म्हटलं, "फोटो तर लग्नातही काढतात."

"लग्नात खालथून कोणी गोळ्या मारत नही, आबा."

एकदा फोटोत झाडांखाली काळे ठिपके निघाले. साहेब म्हणाले रणगाडे, हा म्हणाला बैलगाड्या. साहेबांनी पुन्हा धाडला. त्या खेपेला विमानाच्या पंखाला भोकं पडली, तरी बैलगाड्याच. मी म्हटलं, "रणगाडे म्हटला असतास तर बढती मिळाली असती."

"आन् गाड्यासमा बायापोरं व्हतात, त्यास्नं काय?"

असाच साक्षीदार मला हवा होता. नांगरताना शेजाऱ्याच्या बाजूनं बांधाला दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, कोरायचं, ही आमच्याकडची रीत. त्याला कुणी चोरी म्हणत नाही, दुसऱ्यानं केलं तरच म्हणतात. धाकट्या भावानं, दगडूनं, बांध माझ्या शेतात ढकलला असा दावा मी चोपड्याच्या कोर्टात लावला होता. आठ वर्षं आम्ही भाऊ बोलत नव्हतो. तारखेच्या आदल्या दिवशी उत्तम म्हणाला, "देखाशिवाय साक्ष नही." उन्हं कलल्यावर मला घेऊन तो गावच्या पाण्याच्या टाकीपाशी गेला नि वर चढू लागला. बासष्टाव्या वर्षी मी शिडी चढलो, कारण तो खाली थांबा म्हणाला होता.

वरून बांध दिसला. तो दगडूच्या शेतात पोट काढून होता. आणि माझ्या कपाशीत, बांधाला लागून, खुरटलेल्या झाडांचा एक पिवळा सरळ पट्टा गेला होता. आमच्या बापाच्या वेळी बांध तिथं होता, म्हणून माती टणक. खालून मी त्याला बियाण्याचा दोष म्हणत आलो होतो.

"काय दिखस, आबा?"

"काही नाही."

"डोया धुईसन या."

मी म्हटलं, दगडूनंही कोरला असेल. तो म्हणाला, "मी फक्त पट्टा देखा. सकाय कोर्टात तोच सांगसू." मग आपला उतरून गेला. मी बराच वेळ वर बसलो. उतरायला कुणाला हाक मारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चोपड्याची एस.टी. मी जाऊ दिली. दोरी आणि कुदळ घेऊन दगडूच्या दारात गेलो आणि म्हटलं, "चल, एक टोक धर."