पडद्याकडे पाठ

माझ्या धाकट्या दिराइतका भित्रा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि अशा माणसाने आयुष्यात निवडलं काय, तर सिनेमे काढणं. भावजी पालीला भितात, लिफ्टला भितात, फोनची बॅटरी निम्म्यावर आली तरी भितात. शूटिंगला ‘ॲक्शन’ म्हणून ओरडत नाहीत, नट दचकेल म्हणून हळूच सांगतात, “करा बरं आता.” केलेलं काम हरवेल या धास्तीने त्याच्या प्रती पाच ठिकाणी ठेवतात, त्यातली एक माझ्या ज्वारीच्या कोठीत. पिंपळगाव रेणुकाईला विहिरीवरचा प्रसंग होता, तर नटीच्या कमरेला दोर, कॅमेरावाल्याच्या कमरेला दोर, आणि विहिरीपासून चांगली पन्नास पावलं लांब, लिंबाच्या खोडाला बांधून घेतलेले स्वतः भावजी. दिग्दर्शन फोनवरून.

रविवारी सकाळी जालना शहरात, मस्तगडातल्या आमच्या बैठकीत आणखी दोन दिग्दर्शक जमतात. एक मंठ्याचा, मोबाईलवर विनोदी मालिका टाकणारा. दुसरे भोकरदनचे मास्तर, माहितीपट काढणारे. पोहे संपेपर्यंत कॅमेरा कुठे ठेवावा यावरून भांडतात. “भूत दाखवलं की लोक हसतेत राव,” मंठेकर कुरकुरला, तेव्हा भावजी म्हणाले, “दाखवायचंच न्हाई. बंद दार दाखवायचं, अन् थांबायचं.” भीतीच्या बाबतीत त्यांचा शब्द दोघेही मानतात. अनुभव दांडगा.

या तिघांचा एक नियम आहे. ज्याचा सिनेमा, त्याने पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि बघणाऱ्यांचे चेहरे बघायचे. भावजींनी पहिला मोठा सिनेमा पुरा केला, तेव्हा आदल्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. “वहिनी, या दोघांनी न्हाई म्हणलं तर कॅमेरा इकून टाकतो. बिलकुल सोडतो हे.” त्या दोघांनाही हेच सांगून झालं होतं, आणि माणूस बोलला तसा करणारा आहे, हे मला माहीत होतं. म्हणून मीही हातातलं काम टाकून बघायला बसले.

सिनेमात एक बाई भाकऱ्या थापते. नवरा दुपारी यायचा, आलेला नाही, फोन बंद. ती थापतच राहते. टोपली भरते, तरी थापते. माझ्या अंगावर काटा आला. आमचे हे एकदा मंठ्याहून येताना असेच खोळंबले होते. संध्याकाळी आले, गाडी पंक्चर, फोन बंद. त्या दिवशी मी अशाच भाकऱ्या थापत राहिले होते, आणि भावजी माझ्या ओट्याशेजारी मोबाईल बघत बसले होते. त्यांचं लक्ष नाही, असं मी धरून चालले होते.

“वहिनी, बंद करू का?” भावजींनी माझ्याकडे बघत विचारलं.

“चालू द्या.”

सिनेमा संपला. भावजींच्या ओठांवर रंग नव्हता. मग मंठेकर म्हणाला, “भाकऱ्यांचा शॉट लई लांबला. निम्मा काप.”

“न्हाई,” भावजी म्हणाले. “तेवढाच लांब होता तो टाइम.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “मंग राहू दे. कॅमेरा बी राहू दे.”

मी फक्त एवढंच म्हटलं, “भावजी, शेवटी त्याला घरी आणा ना.” सिनेमातला नवरा परत येतच नाही.

“आणला तर खोटं होईन, वहिनी. थापताना तुमाला तरी कुठं माहीत होतं, ते येतेत का न्हाई?”

माझ्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस, पण तेवढं त्यांनी ऐकलं नाही. आता यांना दहा मिनिटं उशीर झाला, की मी दारात जाऊन उभी राहते. पूर्वी राहत नव्हते.