बारावा पडदा

मला ती तबकडी पहिल्यापासून आवडली नाही, आजही आवडत नाही. गिटारवाला सेकिगुची, मागे दोन कीबोर्ड, आणि ड्रमवाला असा बडवतोय की त्याची गाडी सुटत असावी. जॅझ म्हणावं तर जॅझ नाही, रॉक म्हणावं तर रॉक नाही. म्हणे फ्यूजन. पण ऐंशी साली अख्ख्या मात्सुमोतो शहरात, न्हाव्यापासून सोबा शेवयांच्या दुकानापर्यंत, तेच वाजायचं. कारण सेकिगुचीच्या हातातली गिटार आमच्या कारखान्यातली होती.

दुसऱ्या गाण्यात एक लांबलचक सूर आहे, तो शेवटाला खरखरतो. त्या खरखरीवर मासिकांनी पानंच्या पानं भरली. कुणाला तिच्यात वेदना दिसली, कुणाला बंड. गिऱ्हाइकं दुकानात येऊन म्हणायची, तशीच वाजणारी द्या.

मिसावा तोकुए माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. गिटारच्या मानेवरचे धातूचे पडदे कानशीने एका पातळीत आणायचे, हेच तिचं एकोणीस वर्षांचं काम. बाईची जीभही कानशीचीच. माझ्या हातून पडदा वाकडा बसला की म्हणायची, "मासुको, हा जेवताना बसवलास का?"

एका दुपारी जेवणघरात मालक यानागिसावांनी स्वतः ती तबकडी लावली. तो सूर आला आणि तोकुएच्या हातातल्या जेवायच्या काड्या लोणच्यावरच थांबल्या.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. मालक खूश. त्यांनी पुन्हा लावली.

"बारावा पडदा केसभर उंच राहिलाय. अकराव्यावर बोट ठेवलं की तार त्याला घासते. यात कसली आलीय वेदना? चूक आहे, आणि माझी आहे."

"काहीतरीच काय, तोकुए-सान. तुमची कशावरून?"

"मान काढून बघा, आत माझा सतरा नंबरचा शिक्का असेल. जानेवारीत मी तापाने फणफणले होते. घरी सोडा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, आधी माल जाऊ दे."

मालक हसले. लोकांनी तो ताप डोक्यावर घेतला होता, त्यांना आणखी काय हवं? पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला: नव्या गिटारींचा बारावा पडदा मुद्दाम उंच ठेवायचा.

तोकुएने साफ नकार दिला. "बिघडवायला मला शिकवलेलं नाही."

"मग खोकी भरायला जा," मालक म्हणाले.

ती गेली. माल भरायच्या त्या शेडमध्ये शेगडीसुद्धा नव्हती. आणि तिच्या बाकावर बसून पडदे बिघडवले कुणी? मी. घरी सासूसासरे अंथरुणाला खिळलेले होते, हे खरं. पण म्हणून मला लाज वाटली नाही असं नाही. दिवसाला तीस गिटारी बिघडवायचे आणि संध्याकाळी शेडवरून जाताना मान खाली घालायचे.

मग शरदात सेकिगुची कारखान्याला भेट द्यायला आला. त्याची ती प्रसिद्ध गिटार मालकांनी माझ्या हातात दिली. "नव्या तारा लाव. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी ती घेऊन थेट शेडमध्ये गेले आणि तोकुएपुढे ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण टोमणा मारला नाही. फक्त एप्रनच्या खिशातून कानस काढली. ती तिने परत केलीच नव्हती.

तासाभराने आम्ही सगळे अंगणात उभे होतो. सेकिगुची डोळे मिटून वाजवत त्या सुरापर्यंत आला. सूर निघाला स्वच्छ, लांब, कुठे खरखर नाही. त्याने डोळे उघडले, तोच सूर पुन्हा काढला. पुन्हा तसाच.

"हिला कुणी हात लावला?" त्याने विचारलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी," तोकुए मागून म्हणाली. "दोष होता तो काढला."

"दोष? बाई, तो माझा आवाज होता. त्याच्यावर माझी तबकडी चालली."

"तुमचा नव्हता. तो माझा ताप होता. तुमचा आवाज आता काढा, गिटार नीट आहे."

सगळे वाट पाहत राहिले. सेकिगुची तारांवर हात ठेवून नुसता उभा होता. त्याने काही वाजवलं नाही. गळ्यातला पट्टा काढला आणि गिटारची पेटी शोधू लागला.

तोकुए पुढे झाली. "द्या इकडे, मी भरून देते," ती म्हणाली. "हल्ली मला तेच काम आहे."