पार्वतीमायने घासलेली नळी

अकोला जवळ आले तसा डब्यात कापूस शिरू लागला. बाहेर जिनाकडे (सरकी काढायच्या कारखान्याकडे) निघालेल्या बैलगाड्यांची रांग होती आणि वाऱ्यावर सुटलेले तंतू थेट माझ्या मिशीवर येऊन बसत होते. समोरचे वकील हसून म्हणाले, “वऱ्हाडात आलात, आता झटकून काही फायदा नाही.”

मी झटकतच राहिलो. स्वच्छतेचा मला रोगच आहे म्हणा. रोगजंतूंवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत मी मदतनीस आहे, आणि काचेच्या नळ्या उकळण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. याही वेळी मांडीवर नळ्यांची पेटी होती. पण जड होते ते वेगळेच. परतवाड्याजवळच्या खेड्यातल्या एका बाईला मी बऱ्याच वर्षांपूर्वी पत्र लिहिले होते. ते चुकीचे होते, हे तिला तोंडाने सांगायचे होते.

मूर्तिजापूरला गाडी बदलली. अचलपूरची छोटी गाडी मोठी प्रेमळ. रुळाकाठी एका म्हातारीने हात केला, तर ड्रायव्हरने तिच्यासाठी गाडी थांबवली आणि वर तिचे गाठोडेही चढवले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडे) पांढरी होऊन उभी होती. पहिल्यांदा आलो तेव्हा वेचायला माणूसच नसल्याने हाच कापूस शेतात लोंबत होता.

ते दिवस मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीचे. घरोघरी माणसे तापाने आडवी. आमच्या संस्थेला आजाऱ्यांचे बेडके हवे होते, त्यातला जंतू वाढवून लस करायची होती. मी पार्वतीबाई नावाच्या कुणबी शेतकरणीकडे उतरलो होतो. सारे गाव तिला पार्वतीमाय म्हणे. दिवसभर घरे हिंडून मी आठ नळ्या भरल्या, पेटी ओट्यावर ठेवली आणि निघण्याआधी आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर आठही नळ्या राखेने घासून, ओळीने उपड्या घातलेल्या!

“पाहुणा निघाला का त्याचं भांडं आमी उष्टं नाई ठेवत,” ती म्हणाली.

त्या नळ्यांत काय होते ते मी तिला सांगितले. काय झाले ते समजल्यावर तिचा चेहरा उतरला. ती स्वतः नुकतीच तापातून उठली होती आणि तिचा कर्ता मुलगा महादेव आत फणफणत होता. तिने एक नळी उचलली, त्याला पाठीला धरून बसवले. “खोक बाप्पा, या भाऊच्या नळीत खोक.” ती एकच नळी मी पोटाशी धरून नेली. तिसऱ्या दिवशी महादेव गेला.

त्या नळीत जंतू वाढला, लस झाली, आणि मी उत्साहाच्या भरात तिला लिहिले: “तुमच्या महादेवामुळे मानमोडीचा जंतू सापडला.”

आता कळले आहे की तो नव्हेच. खरा अपराधी एक विषाणू, इतका सूक्ष्म, की जंतू अडवणाऱ्या चाळणीतूनही निसटतो. आमचा जंतू नुसता मागून आलेला. आता संस्थेला साथीतून वाचलेल्यांचे रक्त हवे होते, त्या रक्तात अजून प्रतिकार टिकून आहे का, हे पाहायला. म्हणून मी पुन्हा निघालो होतो.

परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातून आलेला डिंक आणि सागवान मांडलेले होते. तिथून दमणी (बसायची हलकी बैलगाडी) केली. पार्वतीमायचे नाव सांगताच गाडीवान वळून म्हणाला, “त्या लसवाल्या माय का? त्यायच्या पोराच्या खोकल्यातून सायबानं लस काढली नं. साऱ्या तालुक्याले माहीत हाय.”

वाटेत दोनदा वाटले, रक्त घ्यावे आणि गुपचूप परतावे.

माय थकली होती, पण तिने आवाजावरून ओळखले. “काहून वाळला रे इतका?” म्हणत तिने ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि मिरचीचा ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी आले. ठेच्याचे निमित्त करून मी रडून घेतले आणि सांगून टाकले.

तिने ठेच्याची वाटी बाजूला सरकवली. मग तिने विचारले, “मंग महादेवाचा खोकला वायाच गेला म्हन?”

“हो माय. चूक आमची. घाईने लिहिले मी.”

“इतकी वर्सं मी साऱ्यायले सांगून राहिली...” तिने पदराने तोंड पुसले. “आन् आता कोनाचं रगत पायजे?”

“जे तापातून उठले त्यांचे.”

“मी उठली होती. माहं घे.”

ती आत गेली आणि देवघरातून एक काचेची नळी घेऊन आली. मीच त्या वेळी विसरलेली. दर सणाला ती राखेने घासून ठेवत होती. मी सवयीने ती उकळायला पाणी मागितले, तशी ती कडाडली, “माहं धुतलेलं खरकटं हाय का?” तरी मी उकळली, आणि तिने हात पुढे केला.

निघताना तिने मला दारात अडवले. “बापू, आता खात्री झाल्याबिगर लिवजो नको.”

परतीच्या वाटेवर अमरावतीला एक दिवस मुक्काम होता, पण मी गाव पाहिले नाही. रक्त गार राहावे म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तिच्या आणि गावातल्या इतरांच्या नळ्यांना वारा घालत बसलो.

संस्थेत तिचे रक्त उंदरांना टोचले, मग त्या नव्या विषाणूची बाधा केली. शेजारच्या पिंजऱ्यातले, रक्त न टोचलेले उंदीर मेले. तिचे जगले. दुसऱ्यांदा करून पाहिले, तिसऱ्यांदाही जगले. मग पत्र घेऊन बसलो. मोठमोठी वाक्ये सुचत होती, ती सगळी खोडली.

“माय,” मी लिहिले, “तुमच्या रक्ताने उंदीर वाचले. याहून जास्त आम्हाला अजून ठाऊक नाही. नळी घासून ठेवली आहे.”