भोंगा वाजेपर्यंत

किस्से जमवायला काही करावं लागत नाही, फक्त वकिलाच्या बाहेरच्या बाकावर बसावं लागतं. आमच्या शहरातल्या पलासिया भागात पेंडसे वकिलांच्या ऑफिसात मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा बसले आहे, की त्या बाकाचा कोणता पाय डुगडुगतो तेही मला माहीत आहे. आईबाबा वेगळे राहायला लागले होते, आणि मी नि बंटी कुणाकडे किती राहायचं ते कागदावर लिहायचं होतं. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मी तिथे आहे हे सगळे विसरतात, आणि मला सगळं ऐकू येतं!

* * *

पहिल्याच दिवशी पेंडसेकाकांनी बाबांना विचारलं, "मुलगी कितवीत?"

"आठवीत," बाबा ठणकावून म्हणाले.

मी नववीत होते. आईने काकांकडे असं पाहिलं, जणू केस तिथेच जिंकली.

मग काका आईकडे वळले. "मुलाच्या बुटाचा नंबर?"

"अकरा!"

सहा वर्षांचा बंटी म्हणाला, "काका, ते बूट तर मला होतच नाहीत. म्हणून तर चप्पल घातलीये!"

* * *

एकदा आमच्या आधी दुसरं एक जोडपं आत होतं. दार उघडंच. भांडण मुलाचं नव्हतं, कलर टीव्हीचं होतं! मुलगा खुर्चीवर पाय हलवत बसला होता. तो म्हणाला, "जिकडे टीव्ही, तिकडे मी."

काका आपल्या मुन्शींना, राधेश्यामजींना म्हणाले, "लिहा, टीव्ही आईकडे."

"और बच्चा, साहब?"

"तो टीव्हीसोबत जाईल. वेगळं काय लिहायचं?"

मुलाचे वडील ताडकन उभे राहिले. "मग टीव्ही आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे!"

* * *

काकांची एक पद्धत आहे. कागदात ते स्वतःचे शब्द घालत नाहीत. "तुम्ही बोलाल तेच लिहीन. उद्या कुणी म्हणायला नको की वकिलाने घुसवलं."

आमचं असं ठरलं: राहायचं आईकडे, आणि रविवारी सकाळी बाबांकडे जायचं. दोन्ही घरं मिलच्याच भागात, मधे फक्त दोन गल्ल्या.

"परत किती वाजता?" काकांनी विचारलं.

बाबा मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. मनगटावर घड्याळ कधीच नाही. "संध्याकाळचा भोंगा वाजेपर्यंत," ते म्हणाले.

आईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मिलचा भोंगा रविवारीसुद्धा पाचला वाजायचाच. आमच्या भागात तर भोंगा ऐकूनच घड्याळं लावायचे. राधेश्यामजींनी टाइप केलं, दोघांनी सह्या केल्या.

आणि दोन महिन्यांनी मिल बंद पडली!

* * *

भोंगा नसलेल्या पहिल्या रविवारी आम्ही आठ वाजता घरी पोचलो. आई दारातच उभी.

"पाचला आणायचं होतं ना?"

"कागदात पाच कुठे लिहिलंय?" बाबा म्हणाले. "भोंगा वाजू दे, लगेच पाठवतो!"

बंटीला हे फारच आवडलं. सोमवारी शाळेत त्याने बाईंना सांगितलं, "भोंगा वाजला नाही, म्हणून होमवर्क झाला नाही."

तिसऱ्या रविवारी साडेआठ झाले. त्या दिवशी आई ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "आता रविवारच बंद. मी अर्ज देते."

बंटी माझ्याकडे बघायला लागला. मी चपलांकडे बघत राहिले.

* * *

पेंडसेकाकांनी चष्मा पुसून स्वतःचाच कागद दोनदा वाचला. राधेश्यामजींना राहवेना. "साहब, याचा मतलब मिल चालू होईपर्यंत मुलं बापाकडे! फिर तो हो गया काम!"

"राधेश्याम, चहा सांगा."

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

माझा आवाजच निघेना. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "बोलू नकोस. लिही."

मी लिहिलं, 'रविवार बंद करू नका. पाच वाजायच्या आधी बाबा आम्हाला मिलच्या गेटवर नेतात. गेटला कुलूप आहे. ते तिथेच उभे राहतात. मी निघू या म्हटलं, की म्हणतात, थांब, अजून वाजला नाही.'

काकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. बाहेर येऊन आईला म्हणाले, "वहिनी, अर्ज एक रविवार थांबवा." मग बाबांना म्हणाले, "कागद मी बदलत नाही, भिया. शब्द तुमचे आहेत. पुढच्या रविवारी उशीर झाला, तर अर्ज मीच लिहून देईन."



* * *

पुढच्या रविवारी बाबांनी आम्हाला गेटवर नेलं नाही. बंटीला सायकलवर बसवून निघाले, मी बाजूने चालत. वाटेत त्यांनी पानवाल्याला वेळ विचारली. मग किराणावाल्याला. मग मागे येऊन पुन्हा पानवाल्याला!

"क्या भिया, गाडी पकडनी है क्या?" पानवाला म्हणाला.

आईच्या घरासमोर बाबांनी सायकल स्टँडला लावली. बंटीला खाली उतरवलं. दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि भोंगा वाजवला. खालून सुरू होऊन वर चढत जाणारा, लांबच लांब, अगदी तसाच!

गल्लीतली दारं उघडली. समोरचे दुबेजी बनियनवरच धावत आले. "चालू हुई क्या? मिल चालू हुई?"

बाबांना धाप लागली होती. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

आईने दार उघडलं. एकदा बाबांकडे बघितलं, एकदा आत भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"दोन मिनिटं आधी वाजवलात," ती म्हणाली.

बाबा ओट्यावर बसले, आणि उरलेली दोन मिनिटं त्यांनी आम्हालाही बसवून घेतलं.