पक्ष्याच्या पोटाखाली

आमचा मामा जन्मभर वेल्डर होता, आणि त्या कामात आपला हात धरणारा कोणी नाही हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. असा हा मामा महिनाभर धड जेवत नव्हता. निमित्त माझंच. फुलझाडासाठी मी पत्र्याचा डबा काढला, तर "खाली भोक पाड, नाहीतर पाणी साचून..." एवढं बोलला आणि डबा हातात घेऊन तसाच खाली बसला.

चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या कारखान्याने एका शिल्पकारासाठी झोपडीएवढा पोकळ लोखंडी पक्षी बनवला होता. शेवटचा जोड मामाचा. आत शिरलेलं पाणी निथळून जावं म्हणून पोटाला खालून भोक ठेवायचं, तेही त्याचंच काम. ते आपण पाडलं की विसरलो, हे त्याला काही केल्या आठवेना. "सडला असेल गं तो, माझ्यामुळे," एवढंच म्हणत राही.

शेवटी मीच त्याला गाडीत घातलं आणि तो पक्षी ज्या शिल्पबागेत ठेवलाय तिथे नेलं. टेकडीच्या उतारावर, झाडाझुडपांत दगडाची, लाकडाची शिल्पं मांडलेली. इतकी सुरेख जागा, पण मामाने एकाकडे ढुंकून पाहिलं असेल तर शपथ. तळ्याकाठी पक्षी दिसला मात्र, सहासष्ट वर्षांचा हा गडी गवतावर उताणा झाला आणि सरपटत त्याच्या पोटाखाली शिरला. रखवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"डॉक्टर आहेत, तपासतायत," मी ठोकून दिलं.

"आहे! भोक आहे!" खालून आवाज आला. "पोट खणखणीत आहे!" मी वाकून पाहिलं, तर मामाचे डोळे भरलेले.

"हे मी पाडलेलं नाही गं. शेजारी पंच ठोकून लोखंडात उमटवलेले तीन ठिपके आहेत. ही खूण मिस्त्रींची."

मिस्त्री म्हणजे त्याचे मुकादम. जराशा चुकीवरून चार लोकांत मामाची खरडपट्टी काढायचे. मामाने जन्मभर त्यांच्या नावाने बोटं मोडली होती.

पाठीला गवत चिकटलेलं, तशातच त्याने त्यांना फोन लावला. पलीकडून ऐंशी पार केलेला खरखरीत आवाज आला.

"मिस्त्री, पक्ष्याचं भोक तुम्ही पाडलंत. कधी बोलला का नाहीत? एरवी तर सोडत नव्हतात मला."

"पहिलंच मोठं काम होतं रे तुझं. तेव्हा बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी कामावर आला असतास का?"



"नसतो आलो," मामा म्हणाला. "मिस्त्री, ही चाळीस वर्षं मी तुमच्या जिवावर मिरवलो."