वहिनीच्या नावापुढचा आकडा

श्रीखंड मी खात नाही. घरी सगळ्यांना वाटतं, मला शुगरची भीती आहे. पाडव्याला जाऊबाई वाटी पुढे करतात, मी ती मागे सरकवते, आणि त्या म्हणतात, "लॅबवाल्यांचं बघा, यांना सगळ्यात जंतूच दिसतात." मी हसते. जंतूंचा यात काही दोष नाही. लातूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये चौदा वर्षं मी लोकांची थुंकी, लघवी आणि शौच तपासलं, हात धुतले आणि डब्यातली भाकरी खाल्ली. कधी मळमळलं नाही. मला ओकारी येते ती नांदेडच्या एका फ्रीजच्या आठवणीनं. त्याहून जास्त शिसारी येते ती माझी स्वतःचीच.

त्या फ्रीजपर्यंत मी गेले एका सहीसाठी. माझ्याकडे होता नुसता डिप्लोमा. रक्त मी काढायचं, मशीन मी चालवायचं, ते बिघडलं तर कंपनीच्या माणसाला कुठली नळी तुंबली आहे ते फोनवर मीच सांगायचं. रिपोर्टखाली सही मात्र काल आलेल्या, एम.एस्सी. झालेल्या मुलीची. ती मुलगी सुईला घाबरायची. मोठे डॉक्टर म्हणायचे, "मॅडम, तुमच्या हाताला तोड नाही. पण इन्चार्ज करायचं तर डिग्री पाहिजे ना." मग अडतिसाव्या वर्षी, लेक दहावीला असताना, मी नांदेडच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस पहाटेची एसटी. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. खड्ड्यांनी पुस्तक डोळ्यांसमोर नाचायचं, तरी मी वाचायचे. मला खरंच शिकायचं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला ते खरं वाटणार नाही.

कॉलेज म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पाटीवर संशोधन केंद्र, आणि आत सगळ्या मशीनवर प्लास्टिकचं आवरण. आवरणावर दसऱ्याचं हळदीकुंकू आणि झेंडूचा वाळलेला हार. एकदा मी आवरण काढून बटण दाबायला गेले तर आमचे गाईड सर लगबगीनं आले. "राहू द्या मॅडम, पूजा झालेली हाय तिची." वर्षातून एकदा पूजा आणि बाकी आराम. देवाला तरी रोज कुणी घंटा वाजवून उठवतं.

सर स्वभावानं वाईट नव्हते, हीच पंचाईत होती. ते कुणावर ओरडत नसत, कुणाला नापास करत नसत आणि कुणाला काही शिकवतही नसत. पहिल्याच महिन्यात वर्गात एक पेन ड्राइव्ह फिरला. त्यात ऐंशी बायकांच्या थायरॉइडच्या तपासणीचा तक्ता होता. त्याला सगळे नुसतं 'चार्ट' म्हणत. दरवर्षीच्या मुलांनी त्यातली नावं बदलायची, आकडे खालीवर करायचे आणि प्रबंध बांधून आणायचा. त्या मूळच्या ऐंशी बायका कोण, कुठल्या, कुणाला ठाऊक नव्हतं. जिवंत आहेत की गेल्या, देव जाणे. त्यांचं रक्त मात्र दरवर्षी नव्यानं निघत होतं.

मी सरांना सांगितलं, मी खरं रक्त आणणार आणि खरं तपासणार.

"हौस हाय तर करा," सर म्हणाले. "पण कशाला उन्हातान्हाचं फिरून राहिला?"

माझं माहेर चाकूर तालुक्यातलं. तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात मी पाच रविवार टेबल मांडलं. बायका शेतातली कामं उरकून यायच्या, डोक्यावरचा पदर सावरत दंड पुढे करायच्या आणि मान दुसरीकडे वळवायच्या. त्यात माझी वहिनी आली, चुलतभावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा ती पाण्याच्या दोन घागरी घेऊन पळत यायची. आता तिचा चेहरा सुजला होता, केस विरळ झाले होते आणि एप्रिलच्या उन्हात तिनं शाल पांघरली होती. ती दिवसभर पेंगते, म्हणून घरात तिचं नावच आळशी पडलं होतं. माझी काकू, म्हणजे तिची सासू, माझ्यासमोरच म्हणाली, "हिला काय धाड भरलीय? खायाचं आन निजायचं. सोंग हाय सगळं."

काकू गेल्यावर वहिनीनं दंड पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आक्का, कायतरी निघू द्या बरं यात. न्हाई निघालं तर आत्याबाई मला जगू देत न्हाईत."

माझ्या टेबलापुढे लोक काही निघू नये म्हणून हात जोडतात. आजार निघावा म्हणून कुणी विनवणी केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हणाले, "असेल ते निघेल वहिनी. रिपोर्ट मी स्वतः आणून देईन."

या तपासणीचं किट एकदा उघडलं की सगळे नमुने एका दमात लावावे लागतात. म्हणून ऐंशी नमुने होईपर्यंत रक्तातलं पिवळं पाणी, सीरम, वेगळं काढून त्याच्या नळ्या कॉलेजच्या फ्रीजमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. नळ्यांवर नंबर घालायचा मार्कर वाळून गेला होता. मी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, जेल पेननं नंबर लिहिले आणि डिंकानं चिकटवल्या. चौदा वर्षांचा अनुभव, आणि चूक पहिल्या वर्षाच्या पोरीची.

मे महिन्यात कॉलेज तपासायला कमिटी यायची ठरली आणि कॉलेजात लग्नघर उतरलं. कुणाच्या तरी लॅबमधून चालू मशीन दोन दिवसांपुरतं मागून आणलं. शिकवणारी माणसंही तशीच मागून आणली. त्यातले एक जण मलाच विचारत होते, बाथरूम कुठे आहे. मी लातूरला ड्युटीवर निघून गेले. नको तो तमाशा, असं म्हणून गेले. मी तिथेच थांबायला हवं होतं.

परत आले तेव्हा कमिटी खूश होऊन गेली होती. लॅबच्या दारातच वास आला, बिळात उंदीर मरून पडल्यावर येतो तसा. मी फ्रीज उघडला. आत श्रीखंडाचे डबे. खाली केशरी, मध्ये वेलचीचं आणि वर बर्फाच्या कप्प्यात आम्रखंड. दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं तसंच होतं: खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. एका डब्यात कुणीतरी चाटून ठेवलेला चमचा. माझी कुठलीतरी एक नळी कप्प्यात सांडली असणार, कारण आम्रखंडाच्या डब्याचा तळ पिवळट, चिकट डागावर घट्ट बसला होता. एवढ्यात सर वाटी घेऊन आले, त्यांनी डबा ओढला, तो चिकटलेला डबा चर्रकन सुटला आणि त्यांनी त्यातलंच वाटीत वाढून घेतलं.

"घ्या ना मॅडम," ते म्हणाले. "लई उरलंय."

ते खात होते. मिशीला लागलेलं जिभेनं पुसत होते. मी बेसिनपाशी पळाले.

नळ्या खिडकीत होत्या. आमच्या लॅबचे शिपाई चाचा, देगलूरचे, निवृत्तीला आलेले, रोज सगळ्यांच्या आधी येऊन काचेची भांडी धुणारे, तिथे उभे होते. ट्रेवर ओलं पोतं टाकलेलं. "बेटी, साहेब बोलले फ्रीज खाली करा, तर मी काय करणार? ऊन लई होतं. दोन दिवस दर घंट्याला मी पोत्यावर पाणी मारलं. एकबी नळी फुटू दिली न्हाई बघ."

पोतं उचललं. झाकणं वर आली होती, आतलं गढूळ झालं होतं, आणि ट्रेच्या तळाशी निळ्या पाण्यात माझ्या चिठ्ठ्या तरंगत होत्या. रक्तातलं काही शाबूत राहिलं असतं तरी कुठली नळी कुणाची ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना शाबासकीची आशा होती. मी म्हणाले, "बरं केलंत चाचा." त्या दोन दिवसांत माझ्या नमुन्यांची काळजी फक्त त्या एका माणसानं घेतली होती, आणि त्याच्याच पाण्यानं बायकांची नावं धुऊन गेली होती.

सरांवर मी ओरडले. जन्मात कुणावर ओरडले नसेन इतकं ओरडले. त्यांनी शांतपणे वाटी खाली ठेवली. "झालं तुमचं? प्रबंध आठ दिवसांत द्यायचाय. न्हाई दिला तर वर्ष गेलं. चार्ट हाय ना आपल्याकडं?"

इथे मला लिहायला आवडलं असतं की मी तोंडावर थुंकून निघून आले. मी दुपारी कॉम्प्युटरपुढे बसले आणि पेन ड्राइव्ह लावला.

नावं माझ्या बायकांची आणि आकडे ते जुने, आता कुणाचेच नसलेले. ऐंशीपैकी काही आकडे आजाराचे असायलाच हवे होते, आणि ते कुणाला तरी द्यायला हवे होते. मी वाटायला बसले. हो, वाटायला. सगळ्यात वाईट आकडा मी सरपंचांच्या बायकोला दिला, कारण तिनं माझी सुई बोथट आहे म्हणून चार जणींना हसवलं होतं. देताना मला बरंही वाटलं. सदतिसाव्या ओळीवर वहिनी आली. तिची सूज, तिची शाल, सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला कळत होतं तिला काय झालं असणार. पण हात धजेना. आपल्या माणसाच्या नावापुढं आजार लिहू नये, अभद्र बोलू नये, असं आईनं लहानपणापासून बजावलेलं. चार्टमधला सगळ्यात निरोगी आकडा मी उचलला आणि मायेनं, अगदी मायेनं, वहिनीच्या नावापुढं ठेवला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांना शाल घातली, मटणाचं जेवण दिलं. हात धुऊन, दात कोरत त्यांनी माझा प्रबंध चाळला. "वा मॅडम! अस्सल ग्रामीण काम. मातीतलं." सर माझ्याकडे बघून अभिमानानं हसले.

काकूचा फोन आला. "काय गं, हिचं काय निघालं?"

नमुने नासले, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण प्रबंध छापून झाला होता, आणि उद्या कुणी विचारलं तर, ही धास्ती. मी म्हणाले, "नॉर्मल आहे काकू."

"मी म्हणलंच व्हतं," काकू म्हणाली. "हाव, आता पहाटं कशी उठत न्हाई तेच बघते."

मी मनाशी ठरवलं की वहिनीला लवकरच लातूरला बोलवू आणि गुपचूप पुन्हा तपासू. मग निकाल लागला, इन्चार्जची जागा मिळाली, नावापुढे एम.एस्सी. लिहिलेला रबरी शिक्का आला. लेकीची बारावी आली. गावाकडच्या दोन लग्नांना मी कामाचं निमित्त सांगून गेले नाही. म्हणजे वहिनी समोर यायला नको.

जवळजवळ दोन वर्षांनी ती लॅबच्या खिडकीपाशी उभी राहिली. आधी मी ओळखलंच नाही. पापण्या फुगलेल्या, पाय सुजलेले आणि आवाज पुरुषासारखा घोगरा. पिशवीतून तिनं चाकूरच्या डॉक्टरची चिठ्ठी काढली. "थायराइड करा म्हणले. मी म्हणलं, माझं झालंय, आमच्या आक्कानं केलंय, काय न्हाई निघालं त्यात. तरी म्हणले करा."

रक्त मीच काढलं. आकडा आला तेव्हा मी तो नमुना पुन्हा लावला. तोच आला. चारपाचच्या आत असायला हवा तो नव्वदच्या वर होता. मी रिपोर्ट छापला, खाली सही केली, शिक्का मारला. या सहीसाठी मी एसटीचे धक्के खाल्ले होते.

वहिनीला आत बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, "वहिनी, निघालं यात. चांगलंच निघालं. गोळी रोज घ्यायची, तुम्ही बऱ्या व्हाल. हे आळसाचं नव्हतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद तिनं दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "आन मागल्या वक्ताला कसं न्हाई निघालं?"

हळूहळू वाढतं ते, असं म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर तयारच होतं. त्याचीच मला शिसारी आली. मी म्हणाले, "मागचं मी तपासलंच नव्हतं वहिनी. तुमचं रक्त नासलं. मी मनानं आकडा लिहिला."

तिनं कागद मांडीवर ठेवला. बाहेर खिडकीवर कुणीतरी रिपोर्टसाठी टकटक करत होतं.

"मनानं लिवला?"

"हो. तुमच्या नावापुढं वाईट लिहवेना मला."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता. "लिवायचं होतं की आक्का वाईट," ती म्हणाली. "मनानंच लिवायचं होतं तर वाईट लिवायचं होतं. दोन वर्षं मला कुणी निजू तरी दिलं असतं."

तिनं रिपोर्टची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि पिशवी उचलली. चहा तसाच राहिला. मी खिडकीतून बघत राहिले. सुजल्या पायांनी, एकेका पायरीवर थांबत, ती जिना उतरत होती.